ताज्या हॉप्सची हिवाळी एल : चव नीट कशी घ्यावी?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांनी सिएरा नेवाडा या तिथल्या बिअर कंपनीच्या 'सेलिब्रेशन' या हिवाळी एलच्या (एल हा बिअरचा एक प्रकार) पाच बाटल्या आणल्यात. बाटली ३५५ मिलीची, अल्कोहोल ६.८ टक्के, कडूपणा ६५ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक), भरल्याची तारीख ऑक्टोबरची. शनिवारी रात्री चौघं बसणार आहोत. सगळ्यांना सवय लागरची, म्हणजे नेहमीच्या सौम्य बिअरची, हॉपवाली एल पहिल्यांदाच. नुसती संपवायची नाही, चव समजून घ्यायची आहे.

किती गार करायची? ट्युलिप ग्लास (फुगीर पोटाचे, बिअर चाखायचे) नाहीत. साधे उभे काचेचे ग्लास आणि चार वाइनचे ग्लास आहेत. मटणाचा बेत आहे, तो चालेल का? ख्रिसमसची बिअर म्हटल्यावर दालचिनी-लवंग शोधायची का? आणि पाचातल्या दोन पुढच्या थंडीपर्यंत ठेवल्या तर मुरून चांगल्या होतील का?

कृष्णाकाठ (सांगली)

आधी दालचिनीचं. थंडीतल्या बऱ्याच बिअरमध्ये मसाला घालतात, त्यावरून हा समज झालाय. या बिअरमध्ये मसाला नाही. १९८१ पासून ती निघते आणि तिचा थंडीशी संबंध आहे तो हॉप्सच्या सुगीमुळे.

हॉप म्हणजे वेलीला येणारी हिरवी बोंडं. बोंड उभं चिरलं की पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट पूड दिसते. कडूपणा आणि वास दोन्ही त्या पुडीत. अमेरिकेच्या वायव्येला याकिमा खोऱ्यात ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात काढणी होते. ताज्या बोंडात ७५-८० टक्के पाणी असतं, ते गरम हवेच्या भट्टीत १० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि गाठी बांधून थंड गोदामात ठेवतात. बाकीच्या बिअर त्या गाठींवर वर्षभर चालतात. सेलिब्रेशनला मात्र त्या सालच्या सुगीतले पहिले सुकवलेले हॉप्स घालतात. नवा गूळ आणि श्रावणात डब्याच्या तळाशी उरलेला गूळ यांत जो फरक, तोच इथे. तुम्हाला शोधायचा आहे तो हा नवेपणा.

हॉप्स तीन : कास्केड, सेंटेनियल, चिनूक. कास्केडमध्ये पपनसाची साल आणि थोडा फुलाचा वास. सेंटेनियलमध्ये लिंबाची साल. चिनूक म्हणजे पाइनचं लाकूड, डिंक, मागून मिरी. या तिघांच्या खाली कॅरामल माल्टचा (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) थर आहे, म्हणून रंग तांबूस आणि चवीत भाजकेपणा.

आता गारवा. फ्रीजमधून काढल्या काढल्या ४ अंशांवर ओतलीत तर वास बसलेला असेल, माल्टची गोडी दबलेली असेल आणि जिभेला फक्त कडू लागेल. लागरची सवय असलेला माणूस इथेच म्हणतो, "काढा आहे हा." पहिला घोट ८ अंशांच्या पुढे आणि शेवटचा १२-१३ पर्यंत, असं धरा. सध्या साताऱ्यात रात्री घरात २०-२२ अंश असेल, तर बाटली २० मिनिटं बाहेर ठेवायची. उरलेलं काम ग्लासची काच करते. फ्रीजरमध्ये विसरू नका. शून्याखाली दोन-तीन अंशांवर बिअर गोठते आणि बाटली तडकते. अगदीच घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ बादलीत घालून बाटली १५ मिनिटं बुडवा. पाणी हवंच, नुसता बर्फ बाटलीला जेमतेम चार ठिकाणी टेकतो.

ग्लास वाइनचेच घ्या. पोट रुंद, तोंड अरुंद, म्हणून वास आत धरून राहतो. पण धुण्यात चूक होते. भांड्यांच्या वडीचा साबण काचेवर पापुद्रा ठेवतो, तो फेस मारतो. खायचा सोडा आणि नवा स्पंज घ्या, भरपूर पाण्याने खळबळा आणि जाळीवर उपडे ठेवून वाळवा. फडक्याने पुसायचं नाही. फडक्यात तेल असतं, वास असतो. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरा थर बसतो, त्याला पातळ व्हिनेगर फिरवा आणि पुन्हा धुवा. तपासायचं कसं? ग्लास आतून ओला करून पाणी ओता. पाण्याचा पडदा सलग उतरला तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब तुटला तर चिकट. बिअर ओतल्यावर भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच समजा.

ओतताना ग्लास तिरका, अर्धं ओतून झालं की सरळ करून मधोमध धार. दोन बोटं फेस यायला हवा. तो फेकू नका, कारण हॉपचा वास फेसातून सुटतो. एका बाटलीत चौघं म्हणजे माणशी ८५-९० मिली. चाखायला तेवढं पुरेसं आहे. एक ग्लास पूर्ण भरून मग दुसरा, असं करू नका. पहिल्याला नितळ आणि शेवटच्याला बुडाचं गढूळ मिळतं, मग दोघांची चव जुळत नाही. दोन फेऱ्यांत थोडं-थोडं ओता, तळाचा सेंटिमीटरभर बाटलीतच राहू द्या.

मग वास. ग्लास हलकेच फिरवा, तोंडावर तळवा ठेवा, दोन क्षणांनी काढून दोन-तीन छोटे हुंगे घ्या. एक लांब श्वास ओढला की नाक लगेच थकतं. त्यानंतर घोट : जिभेवर सगळीकडे फिरवायचा, गिळायचा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. पपनस आणि पाइन खरे कळतात ते या बाहेर जाणाऱ्या श्वासात. बिअर वाइनसारखी थुंकत नाहीत, कारण कडूपणाचा अर्धा हिशोब गिळल्यानंतरचा असतो.

खंबाटकी_उतार (पुणे–सातारा)

एवढं सगळं करून लोक खोलीत उदबत्ती लावतात. उदबत्ती, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, अत्तर, काही नको. स्वयंपाकघरातली फोडणी तासभर आधी उरकून घ्या आणि खिडकी उघडा. हात बिनवासाच्या साबणाने धुवा. लसूण सोललेला हात ग्लासजवळ आला की सेंटेनियल गेलाच.

पान, तंबाखू, मिश्री निदान एक तास आधी बंद. कात तुरट असतो, चुना जीभ भाजतो, आणि मग बिअर उगाच खरखरीत वाटते. दातही आयत्या वेळी घासू नका. पेस्टमधल्या फेस करणाऱ्या द्रव्याने गोड दबतं आणि कडू वर येतं. ६५ आयबीयूच्या बिअरला ते घातक आहे.

मिरज_जंक्शन

मटणाबद्दल स्पष्ट सांगतो : कांदा-लसूण मसाल्याचं लालभडक मटण या बिअरबरोबर ठेवू नका. निदान चाखून होईपर्यंत तरी नको. बिअरने तिखट शमतं हा समज चुकीचा आहे. वायूची चुरचुर, अल्कोहोलचा चटका आणि हॉपचा कडूपणा, तिन्ही त्या आगीत भर घालतात. सौम्य लागर बर्फासारखी गार असल्यामुळे तेवढ्यापुरतं निभावतं. इथे गारवाही कमी, कडूपणा मात्र कितीतरी जास्त. साध्या लागरमध्ये १० ते २५ आयबीयू असतात, इथे ६५. भडंगही बाजूला. त्यातल्या तिखट-लसणाने वीस मिनिटं जीभ अडकून राहते.

चाखताना मधे तोंड साफ करायला कोमट पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा मधला, न करपलेला तुकडा, बिनमिठाचा. बर्फाचं पाणी नको, जीभ बधिर होते.

चाखून झाल्यावर जोडीला काय? मीठ कडूपणा दाबतं आणि स्निग्धता त्याची धार बोथट करते, हे धरून चला. मटण करायचंच असेल तर सुकं करा : हळद, मीठ, आलं, भरपूर भाजलेला कांदा, शेवटी मिरी, लाल तिखट नावापुरतं. भाजलेला कांदा माल्टशी जुळतो, मिरी चिनूकशी. खारवलेले शेंगदाणे चालतात. आता हुरड्याचे दिवस आहेत. कोवळा हुरडा नुसत्या मिठावर, सोबतची लसणाची चटणी न घेता, फार छान जातो. त्याची हिरवी गोडी आणि किंचित धुरकट वास बिअरला दाबत नाहीत.

गोडात साताऱ्याचा कंदी पेढा आहेच. खवा तांबूस होईपर्यंत भाजताना जी चव तयार होते, ती माल्ट भाजतानाच्या चवीची सख्खी बहीण. वर दुधाची स्निग्धता. सुपारीएवढा तुकडा जिभेवर विरघळू द्या आणि मग घोट घ्या. तिळाची वडी मात्र टाळा : कडक पाकाच्या गोडीनंतर बिअर एकदम कोरडी आणि कडवट लागते. चिक्कीचंही तेच.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका आली. तपासायला काल एक बाटली उघडली. तांबूस रंग, फेस चांगला, कडूपणा भरपूर. पण वासात तासगावच्या बेदाण्यासारखं काहीतरी गोडसर येतंय. पपनसाची साल-बिल अशी नाकाला लागली नाही. फ्रीजमधून काढून लगेच ओतली होती. बिअर खराब झाली आहे का? पाहुणे मुंबईत उतरल्यावर सामान दोन दिवस गाडीच्या डिकीत होतं.

सुगी_आणि_साल (कराड)

बेदाणा या बिअरमध्ये दोन वाटांनी येतो, आणि त्यांतली एकच वाईट.

पहिली वाट कॅरामल माल्टची. धान्य ओलं असतानाच तापवून त्यातल्या साखरेचा आतल्या आत पाक करतात. त्यातून टॉफी, काकवी, बेदाणा असे वास येतात. ते त्या बिअरचेच आहेत. दुसरी वाट ऑक्सिडेशनची. उष्णता आणि बाटलीतला किंचितसा ऑक्सिजन मिळून हॉपचा वास मारतात. मग मध, शेरी वाइन, बेदाणा आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

ओळखायचं असं. बेदाण्याबरोबर भाजलेल्या पावाच्या कडेचा वास असेल आणि बिअर १० अंशांवर आल्यावर साल वर येत असेल, तर काळजी नाही. बेदाण्याबरोबर मधाचा चिकट वास असेल, बिअर गरम होत गेली तशी साल न येता पुठ्ठा पुढे येत असेल आणि कडूपणा घशात खरवडत असेल, तर बिअर शिळी झाली. तुम्ही ४ अंशांवर हुंगलीत, त्या गारव्यात यातलं काहीच ठरत नाही. शनिवारी वीस मिनिटं थांबून पुन्हा बघा.

डिकीचं म्हणाल तर धंद्यातला एक ठोकताळा आहे : ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, तिन्हींत बिअर साधारण सारखीच शिळी होते. मुंबईत डिसेंबरातही बंद डिकी दुपारी ३२ च्या वर सहज जाते. दोन दिवस म्हणजे फ्रीजमधले सहा-सात महिने खर्ची पडले असं धरा. नासली नसेल, पण वरची पहिली झळाळी उतरली असणार. पुढच्या वेळी बाटल्या घरात सगळ्यात गार जागी, उभ्या, अंधारात ठेवा. आडव्या ठेवल्या तर तळाचा गाळ भिंतीला लागतो आणि ओतताना सगळा ढवळून निघतो.

उन्हाचा धोका वेगळा. प्रकाशाने हॉपमधलं कडू द्रव्य तुटतं आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं, जळक्या रबरासारखं, उग्र. तपकिरी बाटली बऱ्यापैकी वाचवते, पण ग्लासात ओतलेली बिअर उन्हात काही मिनिटांतच बिघडते. तुम्ही रात्री बसताय, त्यामुळे हा प्रश्न नाही.

नाक तयार करायला एक सोपी सोय करा. सहा वाट्या मांडा. एकीत पपनसाची ताजी साल चिमटून, दुसरीत कागदी लिंबाची साल, तिसरीत सुताराकडचे पाइनच्या खोक्याचे छिलके (रंग-पॉलिश न लागलेले), चौथीत ठेचलेले चार मिरे, पाचवीत चमचाभर काकवी, सहावीत भिजवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. झाकून ठेवा. बिअर हुंगून झाली की वाटी उघडा आणि पुन्हा बिअर हुंगा. वाट्या आधी नकोत, नाहीतर सगळ्यांना तेच-तेच सापडेल. पाइनचा छिलका नखाने मोडून लगेच नाकाशी धरलात तर चिनूक म्हणजे काय हे दहा मिनिटं समजावण्यापेक्षा लवकर कळतं.

खंबाटकी_उतार (पुणे–सातारा)

वरच्यात भर. लोण्याचा किंवा मका उकडलेल्या पाण्याचा वास आला तर तो बनवतानाचा दोष असतो, हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कच्ची. साठवणीशी त्यांचा संबंध नाही. या बाटल्यांत ते सापडण्याची शक्यता कमी, पण पुण्यात मायक्रोब्रुअरीत ग्लास हातात आला की हे तीन वास लक्षात असू द्या.

आणि कडू आणि तुरट यांची गल्लत करू नका. काडेचिराईत, कारलं, मेथी हे कडू. आवळा, जांभूळ, कच्चं केळं हे तुरट, म्हणजे गालाची आतली कातडी आवळणारं. हॉपी एलमध्ये कडूपणा हवा, तोही अर्ध्या-पाऊण मिनिटात स्वच्छ उतरणारा. गाल आवळले आणि जीभ कोरडी पडून राहिली तर ते टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य. आपल्या भाषेत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, ते वापरले तर टिपण लिहिताना घोळ होत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

ठेवण्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. माझं मत : ठेवू नका. सुगीचे पहिले हॉप्स म्हणून जी बिअर घ्यायची, तिचा तो वास आधी उडतो. त्यातला काही तर झाकणाच्या आतला प्लास्टिकचा थरच शोषून घेतो. वर्षाने कडूपणा मऊ होतो, कॅरामल पुढे येतं आणि उरते ती बरी, पण वेगळीच बिअर. मुरवायची असेल तर १० टक्क्यांच्या वरची बार्लीवाइन (नावात वाइन असली तरी ही कडक एलच) मुरवा, ती त्यासाठीच असते.

मिरज_जंक्शन

इथे मी थोडा वेगळा आहे. पाचही ताज्या संपवाव्यात हे तत्त्व म्हणून बरोबर, पण यांच्या बाटल्यांनी डिकीत आधीच मार खाल्लाय. एक बाटली फ्रीजच्या मागच्या कप्प्यात (दारात नको, तिथे उघडझाप होते) वर्षभर ठेवून पुढच्या ताज्या बाटलीशेजारी ओतली, तर हॉप कसा जातो हे चौघांनाही एका बैठकीत कळेल. वाचून ते कळत नाही. दोन मात्र नकोत, एकच.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

पटलं. उरलेल्या चारातल्या दोन शनिवारी, एक पुढच्या आठवड्यात, एक फ्रीजच्या मागे. शनिवारी लागरशी तुलना करावी का? आणि दोन्ही बाटल्या एकदम उघडायच्या का?

कृष्णाकाठ (सांगली)

तुलना जरूर करा, पण लागर आधी. कमी कडूकडून जास्त कडूकडे जायचं. उलट गेलात तर लागर पाण्यासारखी लागेल. लागरचे ६० मिली, पाणी, भाकरी, पाच मिनिटं, मग एल.

बाटल्या एकामागून एक. पहिली चाखायला, कोणी न बोलता. प्रत्येकाने कागदावर चार ओळी लिहायच्या : रंग-फेस, वास, घोट, गिळल्यानंतर. मग वाचून दाखवायचं. एकाने मोठ्याने "पपनस" म्हटलं की बाकी तिघांना पपनसच येतं, म्हणून हा आग्रह. दुसरी बाटली अर्ध्या तासाने, जेवणाबरोबर.

हुरूप असेल तर त्रिकोणी चाचणीही करा. एका जणाने आत जाऊन तीन ग्लास भरायचे : दोनात एकाच बाटलीतली ८ अंशांची, तिसऱ्यात तीच बिअर पण १३-१४ अंशांवर आणलेली. ग्लासखाली खुणेच्या चिठ्ठ्या. डोळे मिटून वेगळा ग्लास ओळखायचा. ग्लास हातात घेतला की गारव्यावरून कळतं, म्हणून दांडीला धरा आणि आधी फक्त वासावर ठरवा. गारव्याने चव किती बदलते हे यातून उघड दिसतं. माणशी ३० मिलीचे तीन घोट पुरतात, पण एक बाटली त्यातच जाईल हे धरून ठेवा.

हिशोबासाठी : एका बाटलीत साधारण २४ मिली शुद्ध अल्कोहोल आहे. दोन बाटल्या चौघांत म्हणजे माणशी १२ मिली, वर लागरचं वेगळं. कमी वाटतं, पण घाटातून परत जाणारा कोणी असेल तर त्याने ग्लास फक्त हुंगावा किंवा मुक्काम करावा. दारू पिण्याचे परवाने जवळ ठेवा.

खंबाटकी_उतार (पुणे–सातारा)

पुढच्या वर्षी पाहुण्यांना सांगायला : विमानाने येताना माणशी २ लिटरपर्यंत दारू शुल्काविना आणता येते, बिअरही त्यातच मोजतात. पाच बाटल्या म्हणजे १,७७५ मिली, बरोबर बसतात. सहाचा खोका २,१३० मिली होतो, तो नको. बाटल्या चेक-इन बॅगेच्या मधोमध, प्रत्येक बाटली मोज्यात घालून आणि वर प्लास्टिकची पिशवी गाठ मारून. मुंबईत उतरल्यावर डिकीत नाही, पुढे पायापाशी, थर्मोकोलच्या डब्यात गार जेल-पॅकसह. बर्फ घातला तर वितळलेल्या पाण्याने लेबल सुटतं आणि भरल्याची तारीख त्या लेबलवर असेल तर तीही जाते, म्हणून निघण्याआधी तारखेचा फोटो काढून ठेवा.